तिसरा होकार

दुफिए आंटीच्या दुकानात वाट बघत मी जेवढा वेळ घालवला आहे, तेवढ्यात अख्ख्या वऱ्हाडाचे कपडे शिवून झाले असते. कुमासी शहरात बान्तामाच्या रस्त्यावर माझं शिवणाचं दुकान आणि तिचं व्हिडिओचं दुकान यांच्यामध्ये एकच पत्र्याची भिंत आहे. पलीकडून दिवसातून पन्नास वेळा तिचा आवाज येतो, "थांबा!" आणि अलीकडे माप द्यायला उभ्या असलेल्या बायका खुदुखुदु हसतात.

लग्नं, बारशी, अंत्यविधी यांचं चित्रण करायचं आणि लोकांना डिस्कवर भरून द्यायचं, हा तिचा धंदा. दारावर मोठ्या अक्षरांत 'कृपा व्हिडिओ' असं रंगवलंय आणि खाली बारीक अक्षरांत, 'मी झालं म्हणेन तेव्हाच झालं'. गिऱ्हाईक वरची ओळ वाचून आत जातं. खालची ओळ अंगाशी आली की बाहेर येऊन माझ्या बाकावर बसतं.

"आंटी, स्क्रीनवर झालं असं आलंय की!"

"त्याला काय, तो म्हणेल. मी अजून विचारतेय."

विचारते म्हणजे तीनदा विचारते. आधी कॉम्प्युटरला हुकूम सोडते, की हातात जे काही धरून ठेवलं असशील ते आधी डिस्कवर उतरव. मग डिस्कवरचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हाताची घडी घालून बसते. आणि शेवटी कॉम्प्युटर पार बंद करून पुन्हा चालू करते आणि व्हिडिओचा शेवट लावून बघते. सुरुवात नाही, शेवट. एवढं झाल्यावर मान हलवते आणि म्हणते, "झालं." तोवर गिऱ्हाइकाच्या दाढीला खुंट आलेले असतात.

मी स्वभावाने उतावळी. एकदा मी तिला चांगलीच फैलावर घेतली. तिने शांतपणे मला विचारलं, "ओफोसुवा, कोपऱ्यावरच्या खानावळीत तू फुफू मागितलास की ती पोरगी काय म्हणते?"

"आणलंच, म्हणते."

"आणि तेव्हा फुफू कुठे असतो?"

"उखळात. कुटणं चाललेलं असतं."

"कॉम्प्युटर त्या पोरीसारखाच आहे. एकेक ताट पोचेपर्यंत ती तोंड मिटून उभी राहिली तर रांग बाजारापर्यंत जाईल. म्हणून सगळ्यांना आणलंच, आणलंच करत सुटते आणि कुणाला काय हवंय ते डोक्यात ठेवते. कामाची पोरगी आहे, मी नावं ठेवत नाही. पण तेवढ्यात चक्कर येऊन पडली तर तुझा फुफू कुणाच्या लक्षात राहणार?"

"आणि कॉम्प्युटरला कधी चक्कर येते?"

"वीज गेली की."

ते दुमसोरचं, वीजकपातीचं वर्ष होतं. वीज चोवीस तास जायची आणि बारा तास यायची, तीही तिच्या मनात आलं तर. तरी मला पटलं असं नाही.

तीनदा विचारायची सवय तिला का लागली, ते आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चोविसाव्या वर्षी तिला मागणी आली होती. मुलाकडच्यांनी जिनच्या बाटल्या आणून टेबलावर ठेवल्या आणि रीतीप्रमाणे तिच्या घरच्यांनी तिला विचारलं, या बाटल्या आम्ही घेऊ का? तीनदा हो म्हटलं की लग्न लागलं. ती हो म्हणाली. पुन्हा विचारलं, हो म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "नाही." बाटल्या परत गेल्या, मांडव उतरला आणि तिच्या आईने महिनाभर तिच्याशी अबोला धरला.

"मधल्या वेळात मी त्याच्या आईकडे बघितलं," ती सांगते. "माझ्या आईच्या पायाखालची चटई ती पायाने हळूहळू स्वतःकडे ओढत होती. तेवढ्यावरून कळलं मला. ते दोनदा विचारून थांबले असते तर मेले असते ना मी?"

पुढे ती लाकडाच्या एका कंपनीत टंकलेखक झाली, तिथेच कॉम्प्युटर शिकली, मग स्वतःचं दुकान टाकलं. लग्न काही केलं नाही. मात्र कुमासीतली निम्मी लग्नं तिच्या डिस्कांवर आहेत आणि त्यातलं एकही तिने कधी हरवलं नव्हतं. हरवलं ते फक्त आमच्या घरचं. आणि ते हरवलं माझ्यामुळे.

लग्न माझ्या आईबाबांचं होतं. हसू नका. आई एकोणसत्तर वर्षांची आणि बाबा शहात्तर. बाबा लॉरी चालवायचे. एकोणीसशे बहात्तर साली ओबुआसीला कच्ची केळी उतरवायला गेले आणि परत येताना पुढच्या सीटवर माझ्या आईला बसवून घेऊन आले. असाबेआमावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, तिनेच आईला वाढवलं होतं. बाबांनी तिला निरोप पाठवला, की पुढच्या महिन्यात बाटल्या घेऊन येतो. मावशीने अंगण झाडलं, खुर्च्या मांडल्या, स्वयंपाक केला. बाबा गेलेच नाहीत, लॉरीचा आस तुटला होता. दुसऱ्यांदा ठरलं तेव्हा नेमका माझा जन्म झाला. तिसऱ्यांदा काय झालं ते बाबांनाही आठवत नाही. त्यानंतर मावशीने खुर्च्या उचलल्या त्या कायमच्या.

"माझ्या बहिणीला कुणी विचारलंच नाही," ती म्हणायची. "केळीचा घड उचलावा तशी उचलून नेली. तिला तीनदा विचारलेलं आणि ती तीनदा हो म्हणालेली मी पाहीन, तेव्हाच त्या माणसाच्या हातचं खाईन."

त्रेचाळीस वर्षं हे असंच चाललं. मावशी आम्हा पाच भावंडांचे लाड करायची, आईला सणाला कापड पाठवायची, आणि बाबांनी पाठवलेली टोपली दारातूनच शेजाऱ्यांना वाटून टाकायची. आई वरवर हसायची. पण बाबा आजारातून उठले त्या वर्षी एक दिवस चुलीपाशी बसून मला म्हणाली, "ओफोसुवा, ताई ऐंशीची झाली. तिने याच्या हातचा एक घास खाल्लेला बघायचाय मला. दुसरं काही नको." मी बाबांना धारेवर धरलं. बाबा म्हणाले, "मी केव्हाचा तयार आहे. मला कुणी आठवणच करून दिली नाही!"

ऑगस्टमधला एक शनिवार ठरला. मावशीला बोलावलं, तर तिने फोनवर ठणकावलं, "चौथ्यांदा खुर्चीत बसून वाट बघायला मी काही रिकामी नाही. आलाच तर चित्रण पाठवा."

म्हणून दुफिए आंटी.

त्या शनिवारी वीज आदल्या दिवसापासून गेलेली होती. तेन्कोरांगमामा, आईचा भाऊ आणि आमच्या कुळाचा प्रमुख, आपल्या मक्याच्या गिरणीतला जनरेटर घेऊन आला. ज्याला त्याला तो त्या जनरेटरचं कौतुक ऐकवत होता. व्हरांड्यात भिंतीवर मोठ्या दांडीचा स्विच आहे. दांडी खाली केली की जनरेटर, वर केली की रस्त्यावरची वीज, आणि मधे काहीच नाही. दांडी फिरवताना डोळा मिटून उघडेपर्यंत घर अंधारतं. पंख्याला, फ्रिजला त्याचं काही वाटत नाही.

विधी दृष्ट लागण्यासारखा झाला. आई केन्तेच्या पिवळ्याजर्द वस्त्रात, गळ्यात मणी. मामाने खाकरून विचारलं, "फ्रेमा, हा म्हातारा बाटल्या घेऊन आलाय. घेऊ का?"

"घ्या."

"उद्या मागे घेता येणार नाहीत. घेऊ?"

"घ्या म्हटलं ना!"

तिसऱ्यांदाही विचारलं, तिसऱ्यांदाही ती हो म्हणाली, आणि अंगणभर आरोळी उठली. मी रडले. शिवणकाम करणारी बाई स्वतः शिवलेल्या कपड्यावर कधी रडत नाही, डाग पडतो. त्या दिवशी मी रडले.

आता नाच सुरू व्हायचा होता. आंटीकडे कॅमेऱ्याचं धड कार्ड एकच. विधीचं चित्रण डिस्कवर उतरवायचं, कार्ड पुसायचं आणि त्यावरच नाच घ्यायचा, असं ठरलं होतं. तिचा जुना कॉम्प्युटर व्हरांड्यात मांडला होता. वीज गेल्यावर दहा मिनिटं त्याला धरून ठेवणारा बॅटरीचा डबा गेल्याच आठवड्यात मेला होता. स्क्रीनवर आलं, झालं.

"चल आंटी, बाबा उठले बघ नाचायला!"

"थांब. विचारू दे."

"अगं, शहात्तर वर्षांचा माणूस नाचतोय! किती वेळ नाचणार तो? तुझं विचारणं होईपर्यंत खुर्चीत बसलेला असेल!"

"ओफोसुवा, थांब."

"झालं म्हणतोय ना तो!" आणि मी तिच्या समोरून हात घालून कार्ड पुसलं, काढलं, कॅमेऱ्यात घातलं आणि कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला. तिने एकदा कॉम्प्युटरकडे आणि एकदा बाबांकडे पाहिलं. बाबा खरंच काय नाचत होते! ती धावली.

अर्धं मिनिटही झालं नसेल, आणि पोरांनी गल्लीत एकच गिल्ला केला, "वीज आली! वीज आली!" त्या वर्षी याहून गोड आरोळी दुसरी नव्हती. लग्न असो की मयत, वीज आली म्हटलं की माणसं उभी राहून टाळ्या वाजवायची. मामाने टाळी वाजवली आणि आनंदाच्या भरात दांडी वर केली. घर डोळा मिटून उघडेपर्यंत अंधारलं. पंख्याला, फ्रिजला काही वाटलं नाही. कॉम्प्युटरला चक्कर आली.

वीज जाईल म्हणून आंटी आयुष्यभर सावध राहिली. ती येईल म्हणून कोण सावध राहतं?

रविवारी चर्चहून आम्ही परतलो तर ती दारात बसलेली. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. "सगळ्यांनी बसा," म्हणाली आणि टीव्हीला डिस्क जोडली. पहिला होकार दिसला. दुसरा दिसला. मामाने तिसऱ्यांदा विचारलं, आईने तोंड उघडलं आणि टीव्ही काळा झाला.

"मग?" बाबा पुढे सरकून म्हणाले. "काय म्हणाली ती?"

"बाबा, तुम्ही तिथेच होतात!"

"होतो, पण इथे काय म्हणाली?"

आंटीने सांगितलं. मोठं चित्रण कॅमेरा तुकड्यातुकड्यांनी साठवतो. पहिला तुकडा डिस्कवर नीट पोचला होता. दुसऱ्याचं नाव डिस्कच्या वहीत चढलं होतं, त्याची लांबीही चढली होती. आत मात्र नुसती शून्यं. वहीत लिहून झालं होतं आणि माल पेटीत टाकायचा राहिला होता. कार्डावर तर आता बाबांचा नाच होता. "तीस वर्षांत पहिल्यांदा मी न विचारता उठले," ती म्हणाली. "चूक माझी. फ्रेमाबाई, मला माफ करा."

मला तिथे बसवेना. "खोटं बोलतेय ती," मी म्हणाले. "कार्ड मी पुसलं. ती थांब म्हणत होती. दोनदा म्हणाली."

आईने फोन उचलला, मावशीला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मधे ठेवला. जे झालं ते सांगितलं.

"म्हणजे दोन," मावशी म्हणाली.

"ताई, मी तीनदा म्हटलं गं. पन्नास माणसं होती."

"पन्नास माणसं जेवायला आली होती. दोन म्हणजे लग्न नव्हे, फ्रेमा. तीनदा येतो म्हणाला, आला नाही. आता तीनदा विचारलं म्हणताय, दोनच दाखवताय. त्या माणसाचं शेवटचं नेहमीच कसं गं राहून जातं?"

बाबा फोनवर वाकले. "ताई, मग तुम्हीच या आणि विचारा. मी न्यायला येतो."

मग मावशी म्हणाली, "कोणत्या गाडीतून?"

"पुढच्या सीटवरून," बाबा म्हणाले. आणि पलीकडून, देवाशपथ सांगते, मावशी फस्सकन हसली.

पुढच्या शनिवारी बाबा पुतण्याची गाडी घेऊन पहाटेच ओबुआसीला गेले. मामाने आधीच्या बाटल्या आठवडाभरात रिकाम्या केल्या होत्या, म्हणून नव्या आणायला लागल्या, आणि त्याबद्दल त्याला मी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. वीज अर्थातच नव्हती. दहाच्या सुमाराला गाडी दारात आली. दीड तासाच्या रस्त्यात दोघं काय बोलले ते त्यांनी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मावशी काठी टेकत उतरली. तिच्या दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेलं भाजकं केळं होतं. वाटेत बाबांनी घेऊन दिलेलं. आईने ते बघितलं, मीही बघितलं. कागद जसाच्या तसा बंद होता. मावशीने ते खाल्लंही नव्हतं आणि टाकलंही नव्हतं.

आंटीने कॅमेरा लावला. कॉम्प्युटर व्हरांड्यात होताच, पण या वेळी डिस्कला तिने सांगून ठेवलं होतं, की हातात काही धरायचं नाही, येईल ते थेट पेटीत टाकायचं. त्याने काम गोगलगायीच्या चालीने होतं. होऊ दे म्हणाली.

मामा खाकरून उठला तशी मावशीने काठी आडवी धरली. "तू बस. आणि त्या स्विचपासून लांब बस." मग ती आईसमोर खुर्ची ओढून बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. तिने आवाजही चढवला नाही.

"फ्रेमा, दोन मी पाहिले. आता मी विचारते. घेऊ का या बाटल्या?"

आईने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने वळून कॅमेऱ्यामागच्या दुफिए आंटीकडे पाहिलं. तिसऱ्यांदा नाही म्हणणारी बाई साऱ्या कुमासीत एकच होऊन गेली होती, आणि ती तिथेच उभी होती. बाबांनी रुमाल काढला.

"फ्रेमा?" बाबा म्हणाले.

"थांब," आई म्हणाली. "त्रेचाळीस वर्षं मी थांबले. तू एवढंसं थांब." आणि त्यांचा सगळा चेहरा घामाने भिजेपर्यंत तिने त्यांना थांबवलं. मग बहिणीचे दोन्ही हात हातात घेतले आणि मोठ्याने म्हणाली, "हो. घे, ताई. हो."

त्यानंतर काय झालं ते मला नीट दिसलं नाही, कारण मी आईच्या गळ्यात पडले होते आणि बाबा माझ्या.

आंटी मात्र सरळ कॉम्प्युटरपाशी गेली. कार्ड पुसायची गोष्ट कुणी काढली नाही. तिने डिस्कवर भरायला सुरुवात केली आणि सगळं अंगण तिच्याभोवती गोळा झालं. नाचणारे नाचायचे थांबले. वाढणाऱ्या बायका जोलोफ भाताचे डाव हातात घेऊन उभ्या. आणि नेमकी तेव्हाच गल्लीत पोरं ओरडली, "वीज आली!"

मामा सवयीने उठला.

"थांब!" सगळं अंगण एका आवाजात ओरडलं. सगळ्यांत मोठा आवाज माझा. मामा खुर्चीत बसला आणि दोन्ही हात त्याने मांडीखाली घेतले.

आंटीने एकदा विचारलं. हिरवा दिवा थांबेपर्यंत दुसऱ्यांदा विचारलं. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि शेवट लावला. पडद्यावर आम्ही तिघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होतो, ध्यानं दिसत होतो अगदी. आणि आमच्या मागे, चित्राच्या कोपऱ्यात, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं समजून असाबेआमावशीने मांडीवरचा कागद उलगडला. गार झालेल्या केळ्याचा एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि डोळे पुसत पुसत चावत राहिली.

आईने पडद्याला हात लावला. आम्ही सगळे मागे वळून मावशीकडे बघायला लागलो.

"काय बघताय?" मावशी म्हणाली. "भूक लागली होती मला."

आंटीने तेवढा भाग पुन्हा एकदा लावून बघितला. मग मान हलवली.

"झालं," ती म्हणाली, आणि मामाने दांडी वर केली.